आजीचा हात, दिल्लीची थेरपिस्ट आणि राज्याची वेस

आजचा भाग रत्नागिरीतून, आमच्या घराच्या ओटीवर बसून रेकॉर्ड केलाय. मध्येच कावळे ओरडले तर चालवून घ्या. आणि गंमत म्हणजे आजचा विषयही 'ओटी'च आहे. पण ही ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. सरकारी मराठीत 'व्यवसायोपचार'. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, बुडीत धंद्यावरचा उपचार असेल!

तर झालं असं. गेल्या वर्षी आजीला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. फिजिओच्या व्यायामाने खांदा, कोपर हळूहळू हलायला लागले. आम्ही खूश. आजी मात्र गप्प. एक दिवस म्हणाली, "हात वर जातो रे, पण वर नेऊन करू काय? नारळ काय खोवता येत नाही."

ढोबळ मानाने सांगायचं तर फिजिओ हात हलता करतो आणि ओटी त्या हाताला पुन्हा कामाला लावतो. भात कालवणं, पोलक्याचे हूक लावणं, आंघोळीचा तांब्या धरणं, ही सगळी ओटीची कामं. आम्हाला जवळपास कुणी मिळेना. माझी शाळेतली मैत्रीण ओटी आहे. मुंबईत शिकली, लग्नानंतर दिल्लीला गेली. ती तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होती, म्हणून तिने तिच्या तिकडच्या सहकारी बाईंचा नंबर दिला. व्हिडिओ कॉल लागला. त्या बाई फार चांगल्या बोलल्या, पण आधीच म्हणाल्या, "माझी नोंदणी दिल्लीची आहे. पेशंट महाराष्ट्रात. तुम्ही आधी तिकडे नोंदणी असलेलं कुणी बघा ना."

मी चक्रावलो. आजी रत्नागिरीत खुर्चीवर, बाई दिल्लीत फोनवर. मग उपचार नक्की कुठल्या राज्यात झाला? या प्रश्नात आमचे तीन आठवडे गेले. झटक्यानंतरचे सुरुवातीचे महिने किती मोलाचे असतात, ते ज्यांच्या घरी असं झालंय त्यांना सांगायला नको.

आपण इंजिनिअर माणसं. बग दिसला की कोडचा इतिहास उकरतो. मीही उकरला.

तर चला १९५० मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात. भारतातलं ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं शिक्षण इथे सुरू झालं आणि ते सुरू करणारी बाई जन्माने अमेरिकन होती. एलिझाबेथ लंडी तिचं नाव. विष्णू निंबकरांशी तिचं लग्न झालं आणि ती इथली कमला निंबकर झाली. १९४० च्या दशकात परत अमेरिकेत जाऊन फिलाडेल्फियात तिने हे शास्त्र शिकून घेतलं आणि ते ज्ञान मुंबईत आणलं. फलटणचं 'कमला निंबकर बालभवन' ऐकलंय ना? तिच्याच नावाची शाळा.

१९५२ मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षी या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला आणि त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. म्हणजे बघा, परळमधल्या एका रुग्णालयात सुरू झालेलं काम दोन वर्षांत जगाच्या टेबलावर.

पण एक गोष्ट राहून गेली. रजिस्टर.

म्हणजे कोण खरा थेरपिस्ट आणि कोण नुसती पाटी लावून बसलाय, हे लोकांनी ओळखायचं कसं? डॉक्टरांसाठी मुंबई प्रांतात १९१२ सालीच कायदा झाला होता. ओटींसाठी? दिल्लीने कायदा केला १९९७ मध्ये. महाराष्ट्राने केला तो २००२ चा, ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी या दोन्हींसाठी मिळून एक राज्य परिषद. केईएमपासून मोजलं तर अर्धं शतक! एवढ्या काळात किती पिढ्या शिकून परदेशी गेल्या असतील. तिकडे त्यांना परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागायचा आणि इथे घरच्या राज्यात नाव लिहायला वहीच नव्हती.

आणि वही आली ती राज्याराज्याची. असं का? कारण आपल्या घटनेत 'वैद्यकीय आणि इतर व्यवसाय' हा विषय समवर्ती सूचीत आहे. केंद्रालाही कायदा करता येतो, राज्यालाही. केंद्राने केला नाही, मग ज्या राज्याला गरज वाटली त्याने आपापला केला. यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण परिणाम काय? आमच्यासारख्यांच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक ब्रँच ऑफिसने आपापला डेटाबेस बनवला आणि सिंक कुणीच लिहिला नाही. माझ्या मैत्रिणीने मुंबईत नोंदणी केली होती. दिल्लीत काम करायला तिला तिथल्या परिषदेत पुन्हा करावी लागली. डिग्री तीच, हात तेच, कागद दुसऱ्यांदा.

यावर पटकन म्हणावंसं वाटतं, "काढून टाका ना ही नोंदणी!" मीही आधी तेच म्हणालो. पण विचार करा. आजी फोनवर ज्या बाईचं ऐकून उठणार, बसणार, गरम भांडं उचलणार, तिला हे येतं हे मला कुठून कळणार? काही चुकलं तर मी दाद कुठे मागणार? रजिस्टर त्यासाठी असतं, ते पेशंटचं संरक्षण आहे. घोळ फक्त एवढाच की ते वेशीवर थांबतं आणि माणसं थांबत नाहीत. आमच्या रत्नागिरीला हे काय सांगायचं? इथल्या प्रत्येक घरातलं कुणीतरी मुंबईला नाहीतर आणखी कुठे गेलेलंच आहे.

बाकीच्यांनी हे कसं सोडवलं? डॉक्टरही आधी प्रांताच्याच वहीत होते. १९५६ च्या कायद्याने देशाचं एक रजिस्टर आलं आणि त्यात नाव असलेल्या डॉक्टरला भारतात कुठेही काम करायचा हक्क मिळाला. वकिलांचं तर भारीच. देशभर वकिली करायचा हक्क १९६१ च्या कायद्यात लिहिला होता, पण ते कलम लागू झालं जून २०११ मध्ये. पन्नास वर्षं नुसतं कागदावर!

अमेरिकेत ओटींना परवाना प्रत्येक राज्य आपापला देतं. तिथे राज्यांनी आपापसात करार करायचं ठरवलं. २०२१ मध्ये व्हर्जिनिया आणि मेरीलँडने सुरुवात केली. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या करारात सरळ लिहिलंय. उपचार त्या राज्यात झाला, जिथे पेशंट बसलाय. म्हणजे आजीची खुर्ची महत्त्वाची, फोन नाही. मला हे पटलं. शेवटी पडायची भीती खुर्चीवरच्या माणसाला असते.

आपल्याकडे मार्च २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या त्याच दिवसांत, टेलिमेडिसिनचे नियम आले. नोंदणीकृत डॉक्टरला भारतातल्या कुठल्याही पेशंटला फोनवर, व्हिडिओवर सल्ला देता येईल, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. पण ते नियम डॉक्टरांसाठी होते. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात ओटीही आहेत. राज्यांच्या परिषदा आणि वर एक केंद्रीय रजिस्टर, म्हणजे तो राहिलेला सिंक! राज्यांनी सहा महिन्यांत परिषदा उभारायच्या होत्या. तीन वर्षं होऊन गेल्यावर, ऑगस्ट २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला आणि राज्यांना सांगावं लागलं की दोन महिन्यांत अंमलबजावणी करा.

मला यातून एक गोष्ट कळली. कायदा पास होणं म्हणजे कोड लिहिणं. तो रत्नागिरीच्या ओटीवर चालतो का, ही टेस्ट वेगळी. कमलाबाई सातासमुद्रापलीकडून ज्ञान घेऊन आल्या, त्याला आता पाऊणशे वर्षं झाली. तेच ज्ञान दिल्लीहून रत्नागिरीला येताना अडखळतं, हे काही बरं नाही.

आमचं पुढे काय झालं? मैत्रिणीची महाराष्ट्रातली नोंदणी चालू होती. बाळ झोपलं की रात्री साडेनऊला ती स्वतःच कॉल करायची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "विळी आत्ता नाही हं आजी, हात कापेल. आधी वाल सोलायचे." भिजवलेले वाल, चिमटीत धरून, एकेक. एखादी दिल्लीची बाई असती तर तिला आधी वाल आणि विळी समजावून सांगावी लागली असती, हेही खरं. रजिस्टर एक झालं तरी घर ओळखणारं माणूस लागतंच.

आज सकाळी नारळ आईनेच खोवला. पण डाळिंब्यांचे सगळे वाल आजीने सोललेत. मी म्हटलं, "आजी, तुझ्यावर एपिसोड करतोय." तर म्हणते, "कर हो. पण त्या पोरीचं बाळ उठायच्या आत संपव. तिचा फोन यायचाय."

तर मंडळी, संपवतो. तुमच्या घरी कुणी थेरपिस्ट येत असतील तर त्यांची नोंदणी कुठली, हे जरूर विचारा. त्यात अपमान काही नाही. भेटू पुढच्या भागात!