कापूस पारखणारा हात

खामगावच्या बाजारात कापसाची गाडी आली की प्रत ठरवणारा ग्रेडर ढिगातून मूठभर कापूस उचलतो. सरकीपासून तंतूंचा झुपका ओढतो, दोन्ही चिमटींत धरून सरळ करतो व लांबीचा अंदाज बांधतो. रंग, कचरा, ओल पाहतो. क्षणात प्रत ठरते आणि प्रतीवर भाव.

फ्रेंचांच्या 'सॉमेलिए'चे काम असेच पारखीचे. या शब्दाचा मूळ अर्थ ओझ्याची जनावरे हाकणारा. पुढे तो दरबारचे सामान सांभाळणारा झाला आणि शेवटी मद्याचा जाणकार. नाव टिकले, काम बदलले. ग्रेडरचे काय झाले?

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाची मागणी वाढली. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. तेव्हा पारख करी तो खरेदीदाराचा माणूस. १८९७ च्या वऱ्हाडातील बाजार कायद्याने तोलाई व दलालीवर देखरेख आणली. प्रत मात्र नजरेवरच राहिली.

१९२४ मध्ये मुंबईत माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा सुरू झाली आणि तंतूंची लांबी, बळकटी, तलमपणा उपकरणांनी मोजला जाऊ लागला. तलमपणा मोजण्याची युक्ती पाहा. ठरावीक वजनाच्या रुईतून हवा सोडतात. तंतू बारीक असले की त्यांचा एकूण पृष्ठभाग जास्त, म्हणून हवेला अडथळाही जास्त. या मापाला 'मायक्रोनेअर' म्हणतात. १९७२ मध्ये राज्याची एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली आणि ग्रेडर सरकारी योजनेचा माणूस बनला. ती मक्तेदारीही पुढे संपली.

आज एकच यंत्र हे सारे गुण झटपट मोजते. पण ते मोजते रुई, म्हणजे सरकी काढल्यानंतरचा कापूस. शेतकरी विकतो तो सरकीसकट. त्यामुळे गाठीचा सौदा मापावर होऊ शकतो, गाडीचा मात्र अजून मुख्यतः हाताच्या अंदाजावर होतो. आधारभूत किंमत ज्या मुख्य प्रतींसाठी जाहीर होते, त्यांतील मध्यम व लांब धाग्यांत अंतर जेमतेम पाच मिलिमीटरांचे. वर्षभराच्या कष्टाचे मोल त्यावर ठरते. म्हणून, आमच्या मते, माप जिनिंगच्या अलीकडे, शेतकऱ्यासमोर यायला हवे.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. वेगवेगळ्या बोंडांतल्या दहा सरक्या घ्या. प्रत्येकीवरचे तंतू काळ्या कागदावर सरळ करा. मुलांनी आधी लांबीचा अंदाज लिहावा, मग पट्टीने मोजावे. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी मांडा. अंदाज किती चुकतो आणि सरावाने किती सुधारतो, हे मुलांना स्वतःच दिसेल.