तारेच्या कुंपणाआडचे ब्रायटन

१८४१ साली लोहमार्ग आला आणि ब्रायटन लंडनकरांच्या सहलींचे समुद्रतीर झाले. १८८३ पासून किनाऱ्यालगत विजेची गाडीही धावू लागली.

डिसेंबर १९१४ मध्ये येथील रॉयल पॅव्हेलियन हा जुना राजवाडा जखमी भारतीय सैनिकांचे रुग्णालय झाला. खानपानाचे नियम पाळता यावेत म्हणून तेथे नऊ स्वयंपाकघरे होती; हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे नळही वेगळे होते.

याच शहरातील किचनर रुग्णालयाभोवती मात्र काटेरी तारा आणि पहारा होता. भारतीय कर्मचाऱ्यांनाही शहरात मोकळे फिरण्यास मनाई होती. गोऱ्या स्त्रियांशी ओळखी वाढल्या तर साम्राज्याची प्रतिष्ठा खालावेल, ही अधिकाऱ्यांची भीती.

येथे मरण पावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांचे दहन शहराबाहेरील टेकडीवर झाले. तेथे १९२१ मध्ये संगमरवरी छत्रीचे अनावरण झाले. आजही अखेरची वाट पायीच चढावी लागते.