शोधणाऱ्यालाच शोधावं लागलं

आज जुनी फाइल हवी असली की आपण गुगल उघडतो. 1990 साली गुगल नव्हतं. सॉफ्टवेअर असायचं विद्यापीठांच्या एफटीपी सर्व्हरवर. पण कुठली फाइल कुठे आहे, ते कळायचं कसं?

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एमटेज हा बार्बाडोसचा विद्यार्थी इतरांसाठी अशा फाइली शोधून द्यायचा. हाताने शोधून कंटाळला आणि त्याने प्रोग्राम लिहिला. तो सर्व्हरांवरच्या याद्या उतरवून घ्यायचा आणि त्यांत नाव शोधायचा. ‘आर्काइव्ह’मधला ‘व्ह’ गाळून नाव ठेवलं आर्ची. इंटरनेटवरचं हे पहिलं सर्च इंजिन!

आर्ची फक्त फाइलचं नाव पाहायचा, आतला मजकूर नाही. नाव माहीत नसेल, तर फाइल असूनही नसल्यासारखीच.

पुढे वेब आलं, आर्ची मागे पडला. वॉर्सा विद्यापीठाने मात्र एक आर्ची सर्व्हर बरीच वर्षं जपला. 2024 साली काही हौशी मंडळींनी आर्ची पुन्हा सुरू केला, तेव्हा आधी त्याचंच सॉफ्टवेअर शोधावं लागलं.

म्हणून सांगतो, फाइल जपाल तेव्हा तिचं नेमकं नाव आणि आवृत्तीही लिहून ठेवा. साठा राहिला पण यादी हरवली, तर शोधणार कसं?