प्रभातचा कान

पुण्याच्या मार्केट यार्डात पहाटे डोळे मिटून उभं राहिलं, तरी सगळं दिसतं. हातगाडीची खडखड, हमालाचं ‘चला, बाजूला’, मागे येणाऱ्या टेम्पोची पिपाणी, लिलावात चढत जाणारा आकडा. इथं पार्श्वसंगीत कुणी लावलेलं नसतं. आवाज जागेतूनच उगवतो. सिनेमात हे कसं साधायचं, याचा धडा मुठेपलीकडे, एरंडवण्यात गिरवला गेला. तो गिरवणारी संस्था म्हणजे प्रभात फिल्म कंपनी.

१९२९ साली कोल्हापुरात व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कंपनी काढली. सुरुवातीचे चित्रपट मूक होते. पुढे बोलपट आला आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर गाऊ लागला. ध्वनिमुद्रणाची बाजू दामल्यांनी उचलली, संगीत गोविंदराव टेंबे यांचं. पार्श्वगायन अजून आलं नव्हतं. नटानं कॅमेऱ्यासमोरच गायचं आणि वादकांनी चौकटीबाहेर दडून साथ करायची. त्यामुळे गाणं आलं की प्रसंग थांबायचा. रंगभूमीची सवय सुटता सुटत नव्हती.

१९३३ मध्ये कंपनी पुण्यात आली. पुढच्याच वर्षी ‘अमृतमंथन’ झाला आणि त्यातून केशवराव भोळे प्रभातला मिळाले. ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाला संगीत देऊन आलेल्या या माणसाला तानांपेक्षा पात्राची मनःस्थिती महत्त्वाची वाटे.

‘संत तुकाराम’ (१९३६) मध्ये त्याचं फळ दिसतं. सुरुवातीलाच तुकाराम अभंग गातो तो साधा, आतल्या आत. तोच अभंग त्याचा प्रतिस्पर्धी सालोमालो देवळात श्रोत्यांसमोर नटवून गातो. शब्द तेच, चाल बदलली की माणूस बदलतो. भक्त कोण आणि भोंदू कोण, हे सांगायला संवाद लागत नाही. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात हा चित्रपट गौरवला गेला. तिथल्या प्रेक्षकांना मराठी कळत नव्हतं. स्वर मात्र पोचला असणार.

१९३७ च्याच ‘कुंकू’मध्ये शांतारामांनी मोठी जोखीम घेतली: पार्श्वसंगीत काढूनच टाकलं. जे ऐकू येईल ते प्रसंगातूनच यायला हवं. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेल्या नीरेच्या त्या घरात व्हायोलिनचे हुंदके नाहीत. तिची बाजू कुणी वाद्यावर मांडत नाही. उलट नीरा झालेल्या शांता आपटे लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात, तेव्हा तीच तिच्या बंडाची भाषा होते. गाणं आता प्रसंग थांबवत नव्हतं, पुढं ढकलत होतं.

त्यानंतर संगीतकार मास्टर कृष्णरावांनी ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) सजवले. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले. पन्नाशीच्या दशकात कंपनी बंद पडली. पण जागा मुकी झाली नाही. १९६० मध्ये त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि तिथं ध्वनी हा स्वतंत्र अभ्यासविषय झाला. तिथून शिकून गेलेल्या रसूल पूकुट्टी यांनी २००९ मध्ये ध्वनिमिश्रणाचं ऑस्कर घेतलं.

प्रभातच्या बोधचिन्हातली बाई तुतारी फुंकते. ती फुंकणाऱ्यांनीच पुढे ‘कुंकू’मध्ये वाद्यं खाली ठेवली. कुठं वाजवायचं नाही, हे कळायला प्रभातला आठ वर्षं लागली. तेवढ्या काळात कान तयार झाला.