काडतुसाची पुंगळी : कडांचे प्रकार

पुंगळी म्हणजे रायफलीच्या काडतुसाचे पितळी कवच. दारू, टोपी (प्राइमर) व गोळी एकत्र धरणे हे तिचे पहिले काम. बार होताच ती फुगून चेंबरला (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसते ती पोकळी) घट्ट बसते व वायू मागे येऊ देत नाही. मग किंचित आकसून सुटते. सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्ताचे पितळ वापरतात ते या गुणासाठी. तळाच्या कडेला (रिम) बंदुकीचा एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) पकडतो. काडतूस चेंबरमध्ये किती खोल बसावे, हे पुंगळीचा कोणता भाग ठरवतो यावर तिची बरीचशी घडण अवलंबून असते.

कडदार : कड पुंगळीच्या अंगाबाहेर येते व चेंबरच्या तोंडाशी अडते. मापात थोडा फरक पडला तरी चालतो, म्हणून जुन्या काळात हीच सोयीची होती. स्नायडर व मार्टिनी-हेन्री यांची काडतुसे कडदार. भारतात सर्वांत परिचित ती ·३०३, म्हणजे थ्री नॉट थ्री (१८८८-८९). तिची पुंगळी ५६ मिमी लांब. तळाजवळ अंगाचा व्यास सुमारे ११·७ मिमी, कडेचा १३·७ मिमी. आरंभी तिच्यात काळी दारू होती, १८९१ पासून कॉर्डाइट (धूरविरहित दारू) आले. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्या कडेच्या मागे गेली की ते अडकते, म्हणून भरताना वरची कड पुढे ठेवावी लागे. ब्रेन गनचे मॅगझिन वाकडे आहे तेही या कडांमुळेच. पुढे बिनकडेच्या ७·६२ साठी बदललेल्या ब्रेनला जवळजवळ सरळ मॅगझिन पुरले. स्वयंचलित शस्त्रांत कड अडचणीची, हे मत सर्वमान्य आहे. तरीही १८९१ ची कडदार रशियन ७·६२×५४ ड्रॅगुनोव्ह रायफलीतून भारतीय सैन्यात टिकली.

कायदा आणि कड : भारतातील शिकारी काडतुसांचा इतिहास कायद्याला वगळून सांगता येत नाही. १९०७ च्या सुमारास ·४५० बोअरवर बंदी आल्याने दुनळी रायफलींसाठी ·४७० व ·४६५ ही कडदार काडतुसे निघाली. लष्करी बोअर नागरिकांना मिळू नये या धोरणातून ·३१५ (८ मिमी) चालू राहिले. ते कडदार असून ऑस्ट्रियन ८×५० मानलिखरवर बेतलेले मानतात. त्याची रायफल ईशापूरच्या कारखान्याची, काडतुसांच्या तळावर खडकीचा ‘केएफ’ (किरकी फॅक्टरी) हा शिक्का. खडकीचा कारखाना १८६९ चा, जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा १९६४ चा. १ ऑक्टोबर २०२१ पासून दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहेत.

जांबोटी व सीमाभाग : कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, भीमगड अभयारण्याच्या परिसरातील जांबोटी–खानापूर पट्ट्याला १९५९ च्या शस्त्र कायद्याचे १३ वे कलम थेट लागू पडते. संरक्षण वा क्रीडेसाठी किमान २० इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक, आणि पीकसंरक्षणासाठी ठासणीची, असा त्यातला भेद आहे. ठासणीच्या बंदुकीला पुंगळीच नसते. गुळगुळीत नळीच्या बाराबोरचे काडतूस मात्र रुंद कडेचे. जवळच बेळगावात १९२२ पासून मराठा पलटणीचे केंद्र आहे. तिथल्या जवानांच्या पिढ्या ·३०३ वरून एसएलआरच्या ७·६२ वर आणि पुढे इन्सासच्या ५·५६ वर गेल्या, म्हणजे कडदार काडतुसाकडून बिनकडेच्या काडतुसाकडे.

बिनकडेची : कड अंगाइतक्याच व्यासाची असते व तिच्यापुढे खोबण कोरलेली. मॅगझिनमध्ये अशी काडतुसे एकमेकांत अडकत नाहीत. खोली बहुधा खांद्यावर (पुंगळी मानेकडे निमुळती होते तो भाग) ठरते, म्हणून चेंबर काटेकोर घडवावा लागतो. ७·६२×५१ व ५·५६×४५ ची कड अनुक्रमे सुमारे १२ व ९·६ मिमी. याच ७·६२ साठी ईशापूरने १९६० च्या दशकात ली-एनफील्ड घडणीचीच २ए१ रायफल काढली. एक्स्ट्रॅक्टर व मॅगझिन मात्र बदलावे लागले. कड गेली की कोणते भाग बदलावे लागतात हे शिकायला याहून चांगला नमुना नाही. खांदा नसलेल्या पिस्तुली काडतुसांत (९ मिमी) पुंगळीचे तोंडच टेकते.

अर्धकडीची : खोबण असून कड किंचित बाहेर. उदा. ·३२ पिस्तूल.

पट्टेदार : तळाशी जाड पट्टा, खोली त्यावर ठरते. ·३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम (१९१२).

आखूडकडीची : कड अंगाहून लहान. २० मिमी ऑर्लिकॉन.

रिमफायर : स्फोटक मिश्रण पोकळ कडेतच भरलेले, घोडा कडेवर पडतो. एन.सी.सी.च्या नेमबाजीतील ·२२ याच जातीची.