आवाउत्ली
आवाउत्ली : मेक्सिको खोऱ्यातील एक प्राचीन खाद्यपदार्थ. नावात्ल भाषेतील या नावाचा अर्थ ‘पाण्यातील राजगिरा’ असा असून राजगिऱ्यासारख्या बारीक दिसणाऱ्या अंड्यांना ते समर्पक आहे. ही अंडी हेमिप्टेरा गणातील कोरिक्सिडी व नोटोनेक्टिडी कुलांतील जलकीटकांची असतात.

ॲझटेक लोक टेस्कोको सरोवरातील हे कीटक व त्यांची अंडी खात. सोळाव्या शतकात बेर्नार्दीनो दे साआगून या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने त्यांची नोंद केली. उथळ पाण्यात गवताच्या वा लव्हाळ्याच्या पेंढ्या रोवून ठेवतात. माद्या त्यांवर अंडी घालतात. काही आठवड्यांनी पेंढ्या काढून उन्हात वाळवितात व झाडून अंडी गोळा करतात. ती दळून, कोंबडीच्या अंड्यांत कालवून त्यांच्या वड्या तळतात. येथे कीटक कोंडून ठेवले जात नाहीत. त्यांना अंडी घालण्यास केवळ आधार पुरविला जातो. म्हणून ही पद्धती कीटकांच्या अर्धसंवर्धनाचे उदाहरण मानली जाते.

मेक्सिको शहराचे पुरांपासून रक्षण करण्यासाठी १६०७ मध्ये खोऱ्यातील पाण्याचा निचरा करण्याचे काम सुरू झाले. १९०० मध्ये मोठ्या निःसारण कालव्याचे उद्‌घाटन झाले. परिणामी सरोवराचा बहुतेक भाग आटला व अंड्यांचे उत्पादन घटले. आता थोडीच कुटुंबे हा व्यवसाय करीत असल्याने हा पदार्थ दुर्मिळ व महाग झाला आहे. २०२२ मध्ये सरोवराचे क्षेत्र संरक्षित म्हणून घोषित करण्यात आले. तेथे पाणी टिकले, तरच ही परंपरा टिकेल.