बिस्किटाचें प्रायश्चित्त

दापोलीहून मुरूड-हर्णैच्या किनाऱ्यावर वनभोजनास निघालेली मित्रमंडळी बेकरींतून खारी, बटर आणि नानकटाई पुडक्यांत बांधून घेतात. समोर समुद्रांत सुवर्णदुर्ग, मागें माडांची राई, आणि थोडक्या पैशांचा खाऊ सर्वांनीं वांटून खावयाचा. यांत कोणास कांहीं विशेष वाटत नाहीं.

परंतु हा घास एके काळीं फार महाग होता. 'पाव' हा शब्दच पोर्तुगीजांचा. त्यामुळें भट्टीच्या जिनसांना परधर्माचा वास येई. पेशवाई बुडाल्यावर दापोलीस इंग्रजांची छावणी पडली. 'काप दापोली' हें नांव त्या 'कॅम्प'वरूनच पडलें. तरीहि रूढि ढळली नाहीं. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनांत चहा-बिस्किटें पुढें आलीं, आणि तेवढ्यावरून ग्रामण्य माजलें. टिळक-रानड्यांसहि प्रायश्चित्त चुकलें नाहीं. १८९३ सालीं मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनीं विधवेशीं विवाह केला, तेव्हां त्यांच्याच गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. पंगत हेंच त्या काळीं समाजाचें शस्त्र होतें.

म्हणून त्याच मुरूडच्या वाळूवर बसून नानकटाई मोडतांना एवढें स्मरावें: खाऊ स्वस्त आहे खरा, पण एकत्र बसून खाण्याची मोकळीक स्वस्तांत मिळालेली नाहीं.